चादरीचे दुसरे टोक

टोप्लावा हे शहर घाईच्या माणसासाठी नाही. नदीच्या दोन्ही काठांना लिंडनची झाडे आहेत. त्यांच्या सावलीत लाकडी आरामखुर्च्या मांडलेल्या असतात आणि त्यांत पहुडलेल्या माणसाला उठवावे असे कोणालाही वाटत नाही. एका कपभर कॉफीवर इथे दुपार काढता येते. पण खरा विसावा हवा असेल, तर लोक किल्ल्याच्या पायथ्याच्या बागेत जातात. तिथे उघड्या आभाळाखाली गरम पाण्याचा एक तलाव आहे. आपल्याकडच्या कुंडांसारखाच त्याला गंधकाचा वास येतो आणि थंडीत त्यावर वाफेचा पडदा धरलेला असतो.

मात्र त्या पाण्यात सरळ उतरता येत नाही. बागेच्या दारात प्रत्येक दोन माणसांच्या हातात तागाची एक जाड, निथळणारी चादर दिली जाते. दोघांनी दोन टोके धरून ती पिळायची, खालच्या दगडावर पाणी गळताना सगळ्यांना दिसले पाहिजे, आणि मगच आत जायचे. पिळलेली चादर उबदार भिंतीवर वाळत पडते आणि तलावातून बाहेर आल्यावर तीच अंगाभोवती गुंडाळायची. यात एक नियम असा की, नात्यातल्या दोघांनी एक चादर धरायची नाही.

सोलापूरचे हंचाटे पतीपत्नी सहलीच्या गटाबरोबर तिथे गेले, तेव्हा दोघांनी सवयीने एकाच चादरीला हात घातला. त्यांच्यासोबत मिलेनाबाई होत्या. शहरातच जन्मलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या आणि आता पाहुण्यांना गाव दाखवणाऱ्या. त्यांनी चादर मधेच पकडली.

"तुम्ही दोघे नाही."

"अहो, आम्ही नवरा-बायको आहोत," दत्तात्रय हंचाटे म्हणाले.

"म्हणूनच."

"बरं झालं बाई," कुंदाताई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून यांनी घरातली एक चादर पिळली असेल तर शपथ. आणि म्हणे सोलापूरचे!"

"आम्ही चादरी विकतो गं. पिळत नाही."

मिलेनाबाई हसल्या, पण त्यांनी चादर काही सोडली नाही. दोघांना बाजूच्या कट्ट्यावर बसवले आणि हा नियम कुठून आला ते सांगितले. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. सांगणारा तेवढा दरवेळी वेगळा असतो.

फार पूर्वी इथे बाग नव्हती, असे सांगतात. उघडा उतार होता, त्यात दगडांच्या कपारीतून गरम झरा वाहत होता आणि झऱ्याभोवती धुणेवाल्या बायकांचे दगड होते. साऱ्या गावाचे कपडे तिथे धुतले जात. हिवाळ्यात नदी गोठली तरी झरा गोठत नसे, म्हणून इतर गावांतल्या धुणेवाल्यांची बोटे थंडीने फुटत तेव्हा टोप्लावाच्या बायकांचे हात शाबूत राहत. काम संपले की त्या पाण्यात पाय सोडून बसत आणि गावातल्या प्रत्येक घराची उणीदुणी काढत. कोणाच्या घरात काय चालले आहे हे चादरींवरून त्यांना कळेच. दिवसभरात एवढीच त्यांची विश्रांती, आणि ती कोणाच्या मेहेरबानीची नव्हती.

झरा त्यांचा होता तो वहिवाटीने. कागद नव्हता. जोवर बायका हिवाळाभर तिथे धुतात तोवर जागा त्यांची. एक हिवाळा जरी खंड पडला तरी वहिवाट मोडली. किल्ल्यावरच्या सरदारांनाही हा रिवाज मान्य होता.

त्या बायकांमध्ये नेझा नावाची एक होती. मोठ्या आवाजाची नव्हती, पण तिचा शब्द शेवटचा मानला जाई. आईबाप लवकर गेले आणि धाकटा भाऊ गाश्पर तिच्या पदरात पडला. तिने त्याला धुण्याच्या दगडांवरच वाढवले. तो टोपलीत झोपे, फेसाशी खेळे, आणि जरा मोठा झाल्यावर तिच्या समोर उभा राहून चादरीचे दुसरे टोक धरी. पुढे तो लिहायला-वाचायला शिकला, किल्ल्यावर नोकरीला लागला आणि सरदाराचा कारभारी झाला. तो घोड्यावरून खाली आला की बायका एकमेकींना कोपराने ढोसत. "आला गं, नेझाचा साहेब आला." नेझा वर बघत नसे, पण तिचे हात तेवढ्यापुरते थांबत.

पुढे नवा सरदार आला. त्याने दूरदेशीची स्नानगृहे पाहिली होती. आपल्याकडेही तसेच हवे, असे त्याच्या मनाने घेतले. पाहुणे यावेत, गरम पाण्यात बसावेत, वर वाद्ये वाजावीत आणि राज्यभर आपले नाव व्हावे. जागा एकच होती. जबरदस्ती केली तर गाव उठले असते. म्हणून त्याने गाश्परला खाली पाठवले.

शरद संपत आला होता. गाश्पर त्या दिवशी घोडा न घेता चालत आला आणि लहानपणच्या जागी, बहिणीच्या दगडाच्या काठावर बसला.

"एकच हिवाळा, नेझा," तो म्हणाला. "गवंड्यांना जागा मोकळी हवी. तोवर तुम्ही खाली नदीवर धुवा. वसंतात इथे दगडी तलाव असेल. वर छप्पर, बसायला पायऱ्या. पहिल्या उतराल तुम्ही. नंतर पाहुणे."

"आणि वहिवाट?"

"वहिवाट सरदार धरून चालतील. मी आहे ना तिथे."

बायका कुजबुजल्या. लेंका, जी नेझाच्या शेजारच्या दगडावर धुवे आणि तिची जिवाभावाची मैत्रीण होती, ती स्पष्टच बोलली. "सरदार धरतील म्हणे! सरदारांनी आजवर त्यांच्या स्वतःच्या पायजम्याची नाडी तरी धरली का?"

सगळ्या हसल्या. गाश्परही हसला. त्याला सगळ्यांत जास्त हसू आले, असे सांगतात.

उर्शुला मात्र हसली नाही. ती त्या सगळ्यांत म्हातारी. तिची बोटे गाठींनी वाकडी झाली होती आणि गरम पाण्यामुळेच ती अजून हलत होती. तिने नेझाला विचारले, "नदीवर माझं कसं व्हायचं गं?"

"एक हिवाळा, उर्शुलाआजी. मी तुझं धुणं करीन. आणि वसंतात त्या पायरीवर पहिली तू उतरशील, मग आम्ही."

"शपथ घे त्याच्याकडून मग," उर्शुला म्हणाली. "आपली."

धुणेवाल्यांची शपथ देवळात होत नसे. दोघांनी ओली चादर धरायची आणि पिळायची. समोरासमोर उभे राहून दोघांनीही आपापल्या उजवीकडे पीळ दिला की तो एकमेकांविरुद्ध बसतो आणि पाणी धो-धो गळते. पाणी गळले की शब्द बांधला गेला. शपथ दोघांमधली, म्हणून बाकीच्यांनी दगडांपलीकडे थांबायचे आणि शेवटी तिथूनच विचारायचे, "गळलं का?" ज्याने शब्द घेतला त्याने उत्तर द्यायचे. त्या उत्तरावर पुन्हा कोणी प्रश्न करत नसे. धुणेवाल्या आपसात खोटे बोलत नसत असे नाही, पण या एका गोष्टीत कधी बोलल्या नव्हत्या.

नेझाने चादर बुडवून काढली आणि भावाच्या हातात टोक दिले. थंडीमुळे झऱ्यावर दाट वाफ होती. बायकांना दोघांच्या आकृत्या तेवढ्या दिसत होत्या. नेझाने पीळ द्यायला सुरुवात केली. चादर फिरली, पण आवळली मात्र नाही. ती नुसतीच दोरीसारखी गरगरत राहिली. पलीकडचे हात तिच्याच पिळाबरोबर सैल फिरत होते. जड चादर हातात होती आणि आत सगळे पाणी तसेच होते.

हे न कळायला ती काही नवशिकी नव्हती. ती जन्मभर चादरी पिळत आली होती. पलीकडचे माणूस दमलेले आहे, चिडलेले आहे, की त्याचे कामात लक्ष नाही, हे डोळे मिटूनही तिला टोकातून समजे. त्या दिवशीही समजले. फक्त पलीकडे गाश्पर होता. लेखणी धरून त्याचे हात मऊ झाले असतील, असे तिच्या मनात आले. सवय गेली असेल. थंडी आहे. त्याच्या चेहऱ्याकडे तिने पाहिले, तर तो लहानपणी फेसाने भरलेल्या तोंडाने हसायचा तसाच हसत होता.

"गळलं का?" पलीकडून उर्शुलाने विचारले.

"गळलं," नेझा म्हणाली.

त्या हिवाळ्यात नदीचे बर्फ फोडून बायका धुणे धुवू लागल्या. वरच्या उतारावर छिन्न्यांचे आवाज येत होते. बायकांचे हात आधी लाल झाले, मग फुटले. रक्ताचे डाग पडू नयेत म्हणून गावातल्या पांढऱ्या चादरी दोनदा धुवाव्या लागत. संध्याकाळी पाय सोडायला जागा नव्हती, त्यामुळे गप्पाही हळूहळू बंद झाल्या. कोणी कुरकुरली की नेझा म्हणे, "शब्द बांधलाय." तेवढ्यावर सगळ्या गप्प बसत. कारण शब्द खरोखर बांधला आहे असे त्यांना वाटत होते. ती एकटीच असे वाटून घेण्याचा प्रयत्न करत होती.

उर्शुलाचे धुणे नेझाने केले, पण म्हातारीला घरी बसवेना. ती रोज काठावर येई आणि वाकडी बोटे पदराखाली धरून वर बघत बसे. "पायऱ्या झाल्या का गं?" असे विचारी. बर्फ वितळायच्या आत ती गेली. शेवटी शेवटी तिचे हात मिटलेले होते आणि ते उघडून सरळ करायला कोणाला जमले नाही.

वसंतात बायका आपल्याकडची त्यातल्या त्यात बरी वस्त्रे घालून उतार चढल्या. तिथे भिंत होती. भिंतीला लोखंडी दार होते आणि दारावर पहारेकरी. आतून वाद्ये ऐकू येत होती.

"कोण पाहिजे?" पहारेकरी म्हणाला.

"पाणी पाहिजे," लेंका म्हणाली. "आमचं आहे ते."

पहारेकऱ्याने आत निरोप दिला. गाश्पर आला, पण दार न उघडता गजांमागे उभा राहिला. अंगावर नवा कोट होता. वहिवाट मोडली आहे, तो म्हणाला. हिवाळाभर इथे कोणी धुतले नाही, हे सारे गाव जाणते. पाहुण्यांच्या चादरी रोज धुवायला लागतील, ते काम मात्र तुम्हालाच मिळेल. मी सरदारांशी बोलून ठेवले आहे.

"आणि शपथ?" लेंका ओरडली. "आमच्या देखत दिलीस! पिळून दिलीस!"

गाश्परने तिच्याकडे पाहिले नाही. तो नेझाकडे पाहत होता, आणि पहिल्यांदाच त्याचे हसू गेले होते, असे सांगतात. कदाचित तो गप्पही राहिला असता. पण मागे सरदार उभा होता, दोन पाहुणे कुतूहलाने ऐकत होते, आणि कारभाऱ्याला आपले कारभारीपण टिकवायचे होते.

"तुमचीच रीत आहे," तो म्हणाला. "पाणी गळलं नाही तर शब्द नाही. त्या दिवशी पाणी गळलं नव्हतं. विचारा तिला."

बायका नेझाकडे वळल्या. दारावर कोणी हात आपटले नाहीत, कोणी शिव्या दिल्या नाहीत. सगळ्यांनी फक्त वाट पाहिली. तिने "खोटं बोलतो" एवढे म्हटले असते, तरी त्यांनी विश्वास ठेवला असता आणि ते दार उपटून काढले असते. लेंकाने विचारले, "गळलं नव्हतं?" नेझाने मान खाली घातली. मग बायका एकेक करून उतार उतरल्या. तिला हात धरून नेणारी कोणी नव्हती, आणि ढकलणारीही नव्हती.

भावाने फसवले याचे दुःख माणूस चारचौघांत सांगू शकतो, लोक जवळ घेतात. नेझाला तेही करता येईना. ती कोणाला काय सांगणार होती? गजांपलीकडे भाऊ होता आणि अलीकडे उर्शुलाची रिकामी जागा. दोहोंच्या मध्ये तिचा स्वतःचा एक शब्द होता.

काम न करून चालण्यासारखे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांच्या चादरी नदीवर येऊ लागल्या. बायका मुकाट धुवायला बसल्या. नेझा काठाच्या टोकाला, एकटी. तिच्या चादरीचे दुसरे टोक धरायला कोणी येईना. म्हणून तिने धुतलेली चादर तशीच, निथळती, टोपलीत टाकली. लेंकाने ते पाहिले. ती नेझाशी बोलली नाही, पण तिनेही आपल्या हातातली चादर न पिळता टोपलीत टाकली. मग तिसरीने, मग सगळ्यांनी.

टोपल्या वर तलावाकडे गेल्या. पाहुणे गरम पाण्यातून वाऱ्यात बाहेर आले आणि त्यांच्या अंगावर थंडगार ओल्या चादरी पडल्या. नोकरांना पिळायला बसवले, तर त्यांना जाड तागाची सवय नव्हती. हाताची सालटी निघाली आणि चादरी मधोमध फाटल्या. गाश्पर धावत नदीवर आला.

"हे काय चालवलंय?"

"धुवायचं ठरलं होतं. धुतलं," लेंका म्हणाली. "पिळायचं म्हणशील, तर त्याला दोन माणसं लागतात, कारभारी. आमच्याकडची एक बाजू आम्ही धरतो. दुसरी तुमच्याकडच्यांनी धरावी."

"माझ्याकडच्यांनी?"

"जे पाण्यात बसतात त्यांनी. तू धरतोस म्हणालास तर नको हं. तुझं पिळणं आम्ही पाहिलंय."

सरदार संतापला, पण पाहुणे गारठले होते. त्यांत एक वयस्क सरदारीण होती. ती थंडीने कुडकुडत, केसांतून पाणी निथळत असताना स्वतःच दाराशी आली. बाहेर लेंका ओल्या चादरींची टोपली घेऊन उभी होती. "आण ती चादर," ती म्हणाली, "नाहीतर मी इथेच मरायची." पहारेकऱ्याला दार उघडावेच लागले. लेंकाने टोक तिच्या हातात दिले. बाईंना आधी जमले नाही, मग जमले. पाणी धबाधब दगडावर पडले आणि त्या मेहनतीने त्यांच्या अंगात ऊब आली. त्या लहान मुलीसारख्या खिदळल्या म्हणे. ते पाहून दुसरे पाहुणे आले. पिळायला बायका आत लागू लागल्या, आणि आत आलेल्या बायका काम झाल्यावर पाण्यात पाय सोडून बसल्या. त्यांना उठवा म्हणण्याची सरदाराची हिंमत झाली नाही, कारण उठवले असते तर दुसऱ्या दिवशी चादरी पुन्हा ओल्या आल्या असत्या. झरा असा परत मिळाला. मोठा विजय म्हणावा असे काही घडले नाही. दार एकदा उघडले आणि मग ते बंद करणे कोणाला जमले नाही.

रीत पक्की करताना बायकांनी नियम घातले. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने पिळायचे, मग तो सरदार असो की वाटसरू. उघड्यावर पिळायचे, वाफेत नाही. आणि पाणी गळताना सगळ्यांना दिसले पाहिजे. नेझा मागे उभी होती. तिला कोणी विचारले नव्हते, तरी ती बोलली.

"नात्यातल्या माणसांनी एक चादर धरायची नाही."

"का?" कोणीतरी विचारले.

"आपल्या माणसाच्या हातांकडे आपण बघत नाही," ती म्हणाली.

तो नियम कोणी खोडला नाही.

सरदार गेला, पुढचा आला. त्याने गाश्परला कामावरून काढून टाकले. एके दिवशी गाश्पर बागेच्या दारात आला. कोट जुना झाला होता. त्याला ओली चादर मिळाली, ती तो धरून उभा राहिला. नेझा तिथेच होती. त्याने टोक तिच्यापुढे केले. तिने ते घेतले नाही. घेता येत नव्हते. नियम तिचाच होता. मग तो इतरांकडे वळला. पण साऱ्या टोप्लावात त्याला न ओळखणारे असे एकही माणूस नव्हते. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, त्याच्या बुटांत पाणी निथळत राहिले, आणि शेवटी चादर कट्ट्यावर ठेवून तो गेला. कुठे गेला, हे गोष्टीत सांगत नाहीत. नेझा तो दिसेनासा होईपर्यंत दाराकडे पाहत होती, एवढे सांगतात.

तिचा स्वतःचा तोवर पाण्याला पाय लागला नव्हता. तिने पिळायला कोणाला बोलावले नव्हते. त्या दिवशी लेंका उठली. गाश्परने टाकलेली चादर तिने उचलली आणि दुसरे टोक नेझासमोर धरले. दोघी जुन्या जोडीदारणी. पूर्वी त्या गप्पा मारत, उणीदुणी काढत, पोरांवर ओरडत चादरी पिळत. एकमेकींकडे बघावेही लागत नसे. नेझाने टोक घेतले आणि वर पाहिले. तिला लेंकाचा चेहरा दिसला, पण लेंकाचे डोळे दिसले नाहीत. ते नेझाच्या हातांवर होते. पीळ बसला, चादर आवळली, पाणी दगडावर पडले. ते पडताना सगळ्यांनी पाहिले. तरी शेवटचा थेंब गळेपर्यंत लेंकाने हातांवरची नजर काढली नाही.

मग ती म्हणाली, "चल. उतर."

नेझा उतरली. पाणी पूर्वीइतकेच गरम होते, असे सांगतात.

मिलेनाबाईंनी गोष्ट संपवली आणि कुंदाताईंना दाराजवळच्या एका अनोळखी मुलीकडे नेऊन उभे केले. दत्तात्रयांना एक उंच, गंभीर म्हातारा मिळाला. आजही टोप्लावाच्या बागेत दोन माणसे चादर पिळायला उभी राहतात, तेव्हा हसतात, नाव विचारतात, कुठून आलात असे विचारतात. पण पीळ द्यायला लागल्यावर कोणी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. दोघेही समोरच्याच्या हातांकडे पाहतात, पाणी गळायचे थांबेपर्यंत. पाहुण्यांना वाटते, ती तिथली शिष्टाचाराची पद्धत असावी.